चकव्याच्या माळावर सात दिवस

आंबोली म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सावंतवाडीचा घाट, धुके आणि धबधबे उभे राहतात. ऐकणारा मुंबईकर असेल तर त्याला अंधेरीजवळची आंबोली आठवते. या लेखातली आंबोली या दोन्हींपेक्षा निराळी आहे. ही कासार आंबोली. पुण्याहून चांदणी चौक, भूगाव, भुकूम, पिरंगुट असे करीत पौडकडे निघाले की पिरंगुटच्या पुढे हे गाव लागते. पौडला जाणारी पीएमपीची बस तिथे थांबते. शनिवारी-रविवारी मात्र शेकडो मोटारी न थांबता पुढे जातात, कारण त्यांना मुळशीचा तलाव गाठायचा असतो किंवा ताम्हिणीचा घाट. कासार आंबोलीला किल्ला नाही, लेणी नाहीत, फोटो काढण्याजोगा धबधबा नाही. डाव्या हाताला डोंगराची एक रांग, तिच्या पलीकडे मुठेचे खोरे. उजव्या हाताला भातखाचरे, त्यांच्या पलीकडे मुळा नदी. आणि मध्ये रस्ता. गावाच्या नावातला कासार तांब्यापितळेची भांडी आणि बांगड्यांची आठवण करून देतो. आता आसपासच्या कारखान्यांत मालमोटारींची ये-जा दिवसरात्र चालू असते.

अशा गावी मी गेल्या नाताळच्या सुट्टीत सात दिवस राहिले. कशासाठी, हे सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. मी महाविद्यालयात मराठी शिकवते, वय शेहेचाळीस, आणि माझा छंद म्हणजे नकाशा हातात घेऊन रानात धावणे. इंग्रजीत या खेळाला ओरिएंटियरिंग म्हणतात. 'तुम्ही मराठीच्या ना? मग याला मराठी शब्द सांगा,' असे लोक हटकून म्हणतात. दिशाशोध, नकाशादौड, वाटशोध असे चारदोन शब्द मी करून पाहिले. पण पायांना जे कळते ते त्यांत उतरत नाही. मूळ शब्दात 'ओरिएंट' आहे, म्हणजे पूर्व दिशा. पूर्व सापडली की बाकीच्या दिशा आपोआप जागेवर येतात. आपल्याकडेही देवघर पूर्वेला, पंगत पूर्वेकडे तोंड करून. तेव्हा शब्द परका असला तरी कल्पना परकी नाही.

खेळ दिसायला सोपा आहे. रानात ठिकठिकाणी खुणेचे कापडी निशाण टांगलेले असते. त्याच्या तीन बाजू असतात, प्रत्येक बाजू तीस सेंटिमीटरची, तिरकी दुभागलेली, अर्धी पांढरी आणि अर्धी नारिंगी. शर्यत सुरू होताना हातात नकाशा पडतो. त्यावर जांभळ्या शाईत एक त्रिकोण असतो, तो आरंभ. मग क्रमांक घातलेली वर्तुळे, ती निशाणांची ठिकाणे. आणि शेवटी दुहेरी वर्तुळ, तो अंत. एका निशाणाकडून दुसऱ्याकडे कोणत्या वाटेने जायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. डोंगर चढून पलीकडे उतरावे, की पायथ्याने वळसा घालावा? दहा मीटर चढण म्हणजे शंभर मीटर सपाटीचे श्रम, असा ढोबळ हिशेब आहे. पाय दमलेले असताना हा हिशेब करावा लागतो, आणि खेळाची सगळी गंमत त्यातच आहे.

याचा जन्म स्कँडिनेव्हियात झाला. आधी तो सैनिकांच्या शिक्षणाचा भाग होता. सर्वसामान्यांसाठी पहिली शर्यत नॉर्वेत ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी झाली. धावणारे आठ होते आणि निशाणे तीन. पुढे स्वीडनमध्ये मेजर अर्न्स्ट किलांडर यांनी तरुण पोरांना मैदानातून रानात नेण्यासाठी या खेळाचा प्रसार केला. त्यांनी १९१९ मध्ये स्टॉकहोमजवळ घेतलेल्या शर्यतीला दोनशेहून अधिक लोक जमले. आंतरराष्ट्रीय संघटना १९६१ मध्ये कोपनहेगनला स्थापन झाली आणि पहिली जागतिक स्पर्धा १९६६ मध्ये फिनलंडमध्ये भरली. त्या पहिल्या स्पर्धेपासूनच स्त्रिया त्यात आहेत. स्वित्झर्लंडच्या सिमोन निग्ली यांनी जागतिक स्पर्धांत तेवीस सुवर्णपदके मिळवली, आणि त्या तीन मुलांच्या आई आहेत. प्रौढांच्या जागतिक स्पर्धेत पस्तिशीपासून पुढे दर पाच वर्षांचा वेगळा गट असतो. नव्वदीच्या घरातले आजोबा-आजी त्यात उतरतात. 'या वयात हे काय?' या घरातल्या प्रश्नाला हे माझे ठेवणीतले उत्तर आहे.

आपल्याकडे नकाशावाचन शिकले ते बहुतेक लष्करात नाहीतर एन.सी.सी.त. पुण्यातली काही निवृत्त फौजी आणि काही डोंगरवेडी मंडळी एकत्र येऊन वर्षातून एकदोनदा लहानशी शर्यत ठेवतात. तिला नाव नाही, ढाल नाही, भाषणे तर नाहीतच. गेल्या डिसेंबरातली शर्यत कासार आंबोलीच्या परिसरात रविवारी ठरली होती. माझा एक जुना विद्यार्थी त्याच गावचा. 'मॅडम, आठवडाभर आधी या, आमच्याकडेच राहा, सराव होईल,' असे तो म्हणाला, आणि मी पाठीवरची पिशवी भरली.

नकाशाबद्दल दोन शब्द सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. सर्व्हे ऑफ इंडिया ही आपली नकाशे करणारी संस्था १७६७ पासूनची. पुणे आणि मुळशी तिच्या ४७ एफ या पत्रकांत येतात. त्यातला एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अर्धा किलोमीटर, आणि लगतच्या दोन समोच्च रेषांत वीस मीटर उंचीचा फरक. गावे, नद्या, डोंगर पाहायला हा उत्तम; पण एखाद्या झाडाखालचे निशाण त्यावरून सापडणार नाही. आमच्या खेळाला एका सेंटिमीटरात शंभर मीटर आणि दर पाच मीटरला एक समोच्च रेषा असा नकाशा लागतो. तो कुणीतरी पायी हिंडून काढावा लागतो. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने नकाशांबाबतचे नियम सैल केले, तेव्हापासून असे काम करणे पुष्कळ सोपे झाले आहे. आमच्या मंडळींनी उपग्रहाचे चित्र समोर ठेवून दोन हिवाळ्यांपूर्वी हा मुलूख पालथा घातला होता. मोकळे रान पिवळे, धावण्याजोगी झाडी पांढरी, दाट जाळी हिरवी, पाणी निळे, खडक आणि माणसाने केलेले सारे काळे, आणि डोंगराचा आकार तपकिरी रेषांचा. हीच बाराखडी जगभर आहे. स्वीडनमधला माणूस कासार आंबोलीला आला तरी त्याला नकाशा वाचता येईल.

मला मात्र एक अडचण होती. चाळिशीशिवाय नकाशा दिसत नाही, आणि चाळिशी लावली की पायाखालचा धोंडा दिसत नाही. शेवटी होकायंत्रालाच एक लहानसे भिंग बसवून घेतले.

सोमवारी सकाळी सरावाला सुरुवात झाली ती पावले मोजण्यापासून. शंभर मीटरला आपले डावे पाऊल किती वेळा पडते हे ठाऊक असले की अंतर कळते. भाताची कापणी होऊन गेलेली, खाचरांत कुठे हरभरा, कुठे पावटा. बांधावरून मोजले तर सपाटीला बेचाळीस. चढावर आकडा साठीच्या पुढे गेला. मी एकाच बांधावरून आठ वेळा ये-जा केली तेव्हा शेजारच्या खाचरातल्या बाईंनी हातातले खुरपे खाली ठेवून विचारले, 'काय हरवलं का बाई?' काही हरवलेले नसताना रानात शोधत फिरणे हे त्यांना पटण्यासारखे नव्हते, आणि मलाही ते त्या क्षणी समजावता आले नाही.

मंगळवारी होकायंत्र घरी ठेवले. नुसत्या तपकिरी रेषांवरून डोंगर ओळखायचा होता. शर्यतीचा भाग आम्हाला आठवडाभर वर्ज्य होता. तिकडे फिरकायचे नाही असा नियमच असतो. म्हणून मी गावामागच्या दुसऱ्या टेकडीवर गेले. तिथे वनीकरणासाठी उतारावर समतल चर खणलेले आहेत. पावसाचे पाणी अडावे म्हणून ते एकाच उंचीवरून डोंगराला वेढा घालत जातात. म्हणजे नकाशात जी समोच्च रेषा कल्पनेने काढलेली, ती इथे कुदळीने जमिनीवर उमटवलेली! भूगोलाच्या तासाला जे मुलांना समजत नाही ते या चराच्या काठाने दहा मिनिटे चालले तर समजेल. रेषा डोंगराच्या पोटात शिरली की घळ, बाहेर आली की सोंड, दोन डोंगरांमध्ये कमरेसारखी आवळली की खिंड.

त्या संध्याकाळी मी नकाशा घेऊन ओट्यावर बसले आणि विद्यार्थ्याचे वडील, ज्यांना सारे गाव आबा म्हणते, माझ्या शेजारी टेकले. वय पंचाहत्तरच्या पुढे, पण नजर स्वच्छ. त्यांना नकाशावरच्या खुणांची नावे सांगू लागले, तर तेच मला नावे सांगू लागले. मी 'लहान टेकडी' म्हटले की ते म्हणत, 'टेपाड.' मी 'उतारावरची अरुंद दरी' म्हणायचे, ते म्हणत, 'घळ हाय ती. आन् लई अरुंद आसंल तर नाळ.' डोंगराच्या सोंडेला ते दांड म्हणत, झाडी नसलेल्या खडकाला कातळ, दोन बांधांमधल्या गाडीवाटेला पाणंद. आंतरराष्ट्रीय संघटनेने निशाणांच्या जागा सांगण्यासाठी चिन्हांचा एक संच केला आहे. खळगा, चर, धोंडा, कडा, झरा यांना प्रत्येकी एक चिन्ह. मी ती यादी आबांपुढे वाचत गेले, आणि सगळ्या यादीत ज्याला गावचा शब्द नाही असे चिन्ह मोठ्या मुश्किलीने एखादे निघाले. एम.ए.ला आम्ही भाषाशास्त्र शिकलो, शब्दकोश चाळले; पण उताराच्या प्रत्येक वळणाला वेगळा शब्द लागतो, तो त्या उतारावर गुरे राखणाऱ्याला. माझ्या वहीत सात दिवसांत साठ शब्द जमले. आबांच्या नातीला मी त्यातले वीस विचारले, तिला सात आले. पोर हुशार आहे, इंग्रजी शाळेत पहिली येते. पण ती त्या डोंगरावर कधी गेलेलीच नाही.

बुधवार होकायंत्राचा. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, त्यामुळे सुई दाखवील ती दिशा बिनघोर धरावी. पण सुई अचूक असली तरी पाय अचूक नसतात. दगड चुकवताना, करवंदीच्या जाळीला वळसा घालताना माणूस बाजूला सरकतोच. त्यावर या खेळात एक नामी युक्ती आहे. समजा ओढ्यावरच्या साकवापाशी जायचे आहे. तर साकवावर नेम धरायचा नाही. मुद्दाम त्याच्या डावीकडे धरायचा. ओढा लागला की साकव उजवीकडेच असणार, शंका नको. नेम साकवावरच धरला आणि तो दिसला नाही, तर डावीकडे वळावे की उजवीकडे हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. दिवसभर मी मुद्दाम डावीकडे जाण्याचा सराव केला आणि रात्री मोज्यांतली कुसळे वेचत बसले. डिसेंबरातल्या वाळक्या गवताची ही भेट प्रत्येक डोंगरकऱ्याला ठाऊक आहे.

गुरुवारी पायांना विश्रांती दिली आणि गाव पाहिले. कासार आंबोलीची ओळख पुष्कळांना आहे ती राणी लक्ष्मीबाई मुलींच्या सैनिकी शाळेमुळे. महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीने ती १९९७ मध्ये काढली. या संस्थेचे मूळ १८६० मधले, आणि तिच्या संस्थापकांत वासुदेव बळवंत फडके होते हे पुष्कळांना माहीत नसते. ही शाळा निघाली तेव्हा मुलींना सैनिकी शिक्षण कशाला, असे विचारणारे कमी नसतील. डोंगराच्या रांगेपलीकडे, खडकवासल्याला, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तिचे दरवाजे मुलींना २०२२ मध्ये उघडले आणि ३० मे २०२५ रोजी पहिल्या सतरा मुली तिथून शिक्षण पुरे करून बाहेर पडल्या. पंचवीस वर्षे आधी नकाशावर एक वाट आखलेली असावी आणि पाऊल मागून पडावे, असे काहीसे हे झाले.

याच रस्त्याने पुढे गेले की मुळशीचे धरण लागते. मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह केला. आजच्या नकाशात तिथे सुंदर निळा रंग आहे. त्या निळ्याखाली किती घरे, किती पाणंदी, किती खाचरे होती हे नकाशा सांगत नाही. नकाशा आहे तेवढे दाखवतो. होते ते सांगायला माणूस लागतो.

शुक्रवारी रात्रीचा सराव करायचे ठरवले, तेव्हा आबांनी स्पष्ट नापसंती दाखवली. एक तर बिबट्या; आणि दुसरे म्हणजे चकवा. 'त्या माळावं चकवा हाय,' ते गंभीरपणे म्हणाले. चकवा कोकणात आहे, विदर्भात आहे, मावळात तर आहेच. रात्री माळ ओलांडणारा माणूस सरळ चालतो आहे असे समजून चालतच राहतो आणि पहाटे पाहतो तो निघाला होता तिथेच उभा. आबांचे चुलते असे रात्रभर फिरले होते म्हणे. मी हसले नाही, कारण चकवा खरा आहे. जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेतले यान साउमन आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये हेच तपासून पाहिले. जर्मनीतल्या एका सपाट जंगलात आणि सहारा वाळवंटात त्यांनी माणसांना सरळ चालायला सांगितले. सूर्य किंवा चंद्र दिसत असेपर्यंत माणसे बऱ्यापैकी सरळ गेली; ढग आले, चंद्र मावळला की ती वळू लागली, आणि काही तर गोल फिरून आपलीच वाट ओलांडून गेली. स्वतःला मात्र ती सरळच चालत असल्यासारखी वाटत होती. म्हणजे चकवा माळावर नसतो, तो आपल्याच चालण्यात असतो.

'मग चकवा लागला तर काय करायचं आबा?' मी विचारले.

'करायचं काय? खाली बसायचं. उजाडस्तवर हलायचं न्हाई.'

वाट चुकल्याची शंका आली की पहिल्यांदा थांबा, हाच या खेळातला पहिला धडा आहे. जगभरचे शिक्षक तो शिकवतात. आबांनी तो चुलत्यांकडून घेतला होता. शेवटी तडजोड झाली: मी, माझा विद्यार्थी आणि त्याचा भाऊ असे तिघे कपाळाला दिवे बांधून गावालगतच्याच माळावर गेलो. दिव्याच्या वर्तुळापलीकडे काही नसते; पायाला लागणारा चढ हाच नकाशा. तासाभरात तीन निशाणे शोधून आम्ही परतलो, तेव्हा आबा ओट्यावर जागेच होते.

शनिवार गेला तो कपडे वाळवण्यात आणि तांदळाच्या भाकऱ्या खाण्यात.

रविवारी शर्यतीला चाळीसएक मंडळी जमली. फौजेतले तरुण, महाविद्यालयातली मुले, एक डॉक्टरीणबाई, आणि सत्तरीचे एक कर्नलसाहेब. दर दोन मिनिटांनी एकाला सोडतात, म्हणजे कुणी कुणाच्या मागे लागू नये. माझ्या वाट्याला पाच किलोमीटर, अकरा निशाणे आणि दोनशे मीटरच्या वर चढ आला. प्रत्येक निशाणाशी एक चिमटा बांधलेला असतो. तो आपल्या कागदावर दाबला की सुयांच्या छिद्रांची नक्षी उमटते, आणि प्रत्येक चिमट्याची नक्षी वेगळी. नियम कडक आहेत. त्यातला एक आपल्या स्वभावाला फार जड जातो: वाट कुणाला विचारायची नाही. ज्या देशात वाट विचारता विचारता सोयरिकी जमतात, तिथे हा नियम म्हणजे अगदीच परका.

पहिली सहा निशाणे सुरळीत मिळाली. घळीचे तोंड, टेपाडाची दक्षिण बाजू, दोन धोंड्यांमधली फट. आबांचे शब्द मनात म्हणत मी धावत होते. सातव्यानंतर नकाशावर सोपी वाट होती. काळ्या तुटक रेषेची एक पायवाट खिंडीतून पलीकडे जात होती आणि आठवे निशाण तिच्यापासून शंभर मीटरवर. मी खिंडीत पोचले, आणि पुढे वाट नव्हती. भिंत होती. सात-आठ फूट उंच, नवीन सिमेंटची, वर काचा. खिंडीच्या या कड्यापासून त्या कड्यापर्यंत. नकाशा काढला तेव्हा ती नव्हती. निशाण लावणारा पलीकडच्या रस्त्याने आला होता, म्हणून त्याला ती दिसली नव्हती. माझ्याआधी सुटलेले दोन तरुण भिंतीच्या कडेने वर चढताना दिसत होते.

बाजूला एक बाई गवत कापत होत्या. त्यांनी मान वर केली. 'बाई, वाट सांगू का?'

मी हात जोडले. 'नको मावशी, सांगू नका. आमच्या खेळात विचारायचं नसतं.'

'आता बया!' त्या म्हणाल्या. 'वाट सांगू नका म्हणणारी पहिलीच बघितली.'

मी जागच्या जागी थांबले आणि नकाशाऐवजी जमिनीकडे पाहिले. वाटेवर शेण ताजे होते. म्हणजे गुरे आजही इथून जातात. आणि गुरांना भिंत चढता येत नाही. खुरांचे ठसे वाट सोडून डावीकडे, खालच्या घळीत उतरत होते. मंगळवारी ओट्यावर आबा बोलता बोलता म्हणाले होते, गुरे माणसासारखी अडून बसत नाहीत, पाण्याकडे वाट काढतातच. घळीच्या तळाला ओढा होता. भिंत बांधणाऱ्याला पावसाळ्याचे पाणी तर अडवता येत नाही. ओढ्यावर त्याने मोकळा गाळा सोडला होता. मी वाकून त्यातून पलीकडे गेले, ओढ्याच्या काठाने वर आले, तर समोर नारिंगी-पांढरे निशाण डोलत होते. मागून त्या मावशींचे हसणे ऐकू आले.

एकूण वेळ एक तास चौतीस मिनिटे. चाळिशीपुढच्या स्त्रियांत मी तिसरी आले. स्पर्धक पाच होत्या, हेही सांगून टाकते. कर्नलसाहेब माझ्याआधी चार मिनिटे पोचले होते.

जेवण झाल्यावर मी पुन्हा त्या खिंडीत गेले. आता शर्यत संपली होती, विचारायला हरकत नव्हती. मावशी भारा बांधत होत्या. त्यांचे घर खिंडीच्या या अंगाला, आणि वावर पलीकडे. ती वाट त्यांच्या सासूच्या काळापासूनची. भिंत पावसाळ्याआधी उभी राहिली. पलीकडची जमीन कुणी बाहेरच्या माणसाने घेतली आहे, तिचे भाग पाडून विकायचे आहेत. घळीतून गुरे जातात, पण डोक्यावर भारा घेऊन वाकता येत नाही. म्हणून मावशी डोंगराला वळसा घालून रस्त्याने जातात. जाऊन येऊन दीड तास. माझी त्या भिंतीपाशी सहा-सात मिनिटे गेली होती आणि मी ती घड्याळात मोजली होती.

वाट अशी कुणालाही बुजवता येते का? कायद्याने येत नाही. महसूल खात्याकडे प्रत्येक गावाचा नकाशा असतो. त्यात गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवलेला असतो. पायमार्गाची रुंदी सव्वा आठ फूट धरतात. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. बांधावरून शेताला नवीन वाट हवी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधले कलम १४३ आहे. मावशींच्या मुलाने पौडला अर्ज दिला होता. तारखा पडत होत्या. त्याला मी आमच्या मंडळींच्या नकाशाची एक प्रत दिली. दोन वर्षांपूर्वी ही वाट चालती होती, एवढे तरी त्यात काळ्यावर पांढरे आहे. त्याचा उपयोग होईल की नाही, हे तहसीलदार ठरवतील.

पुण्यापासून वीस-बावीस किलोमीटरवरच्या गावांत घरे होणार, रस्ते रुंद होणार, हे आम्हा शहरवासीयांनी कोणत्या तोंडाने नाकारायचे? आपणही कुणाच्या तरी खाचरावर बांधलेल्या घरातच राहतो. पण घर बांधताना वाट सोडता येते. वाट बंद झाली की त्या बाजूला कुणी जात नाही. कुणी जात नाही म्हणून तिथल्या दांडाचे, घळीचे, टेपाडाचे नाव कुणाला लागत नाही. आणि नाव गेले की ती जागा फक्त चौरस फुटांत उरते. आबांच्या नातीला तेरा शब्द आले नाहीत ते शाळेमुळे नाही, वाटेअभावी.

त्या नातीला घेऊन मी निघायच्या आदल्या सकाळी टेकडीवर गेले होते. समतल चराच्या काठाने तिला चालवले, तिच्या हातात नकाशा दिला. पहिल्या सोंडेपाशी ती थांबली, रेषेवर बोट ठेवले आणि म्हणाली, 'मॅडम, हा दांड ना?' आठवा शब्द झाला.

या दिवाळीच्या सुट्टीत कुणाला जावेसे वाटले तर पौडची बस धरावी. सकाळी लवकर निघावे, पाणी बरोबर घ्यावे, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, आणि भात उभा असेल तर खाचरात पाऊल घालू नये. सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा आणि साधे होकायंत्र पुरते. मुलांच्या हातातला फोन दोन तास पिशवीत ठेवावा आणि त्यांना विचारावे, आता आपण कुठे आहोत ते नकाशावर दाखवा. मुलांची आणि थोरांची सारखीच त्रेधा उडते, आणि त्यात फार मौज असते.

आणि शर्यत नसेल, तर वाट जरूर विचारावी.